करार झालाच नव्हता, असे समजण्यात येईल

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "तुमच्या वकिलीतलं काहीतरी लिहा, पण खून नको, घटस्फोट नको." मी म्हटलं, बाई, माझ्या उभ्या वकिलीत एकही खून नाही. मी दिवाणी बाजूची. आमच्याकडे माणसं मरतात ती म्हातारपणाने, दावा चालू असताना, आणि मग त्यांच्या वारसांना दाव्यात सामील करून घ्यायचा अर्ज द्यावा लागतो. घटस्फोटाच्याही वाटेला मी कधी गेले नाही. माझं आयुष्य गेलं करारात. नवराबायको सोडून जगातली कुठलीही दोन माणसं भांडली की ती माझ्याकडे.

बडोद्याला सयाजीगंजात पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. खाली शेव-उसळीचं दुकान. सकाळी तिथे तरीला फोडणी बसली की माझे अशील शिंकत शिंकतच जिना चढतात. माझ्या फायलींना तो वास इतका मुरला आहे की एका न्यायाधीशांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचता वाचता बाजूला ठेवलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. आमचे हे रिफायनरीतून निवृत्त झाले, तेव्हा म्हणाले होते, "आता तूही थांब ने." (हे 'ने' म्हणजे आमच्या बडोद्याकडचं 'ना'.) मी म्हटलं, माझ्याकडे येणारी माणसं पाहिलीत का तुम्ही? फुकट करमणूक आहे ही. कोण थांबेल?

एकदा दोन व्याही आले. लग्न ठरलेलं, दोघं हसतमुख, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांना करार करायचा होता तो रुसण्याचा. मुलीकडच्यांच्या घराण्यात आधीच्या लग्नात वरपक्ष सकाळपासून रात्रीपर्यंत पाळीपाळीने रुसला होता आणि त्याची धास्ती मुलीच्या वडिलांनी घेतली होती. तेव्हा असं ठरलं की वरपक्षाने एकदाच रुसायचं, तेही जेवणाआधी, आणि रुसणाऱ्याचं नाव आधी कळवायचं. मी गंभीर चेहऱ्याने साध्या कागदावर लिहून दिलं आणि सांगितलं की हे कोर्टात उभं राहणार नाही बरं का. मुलाचे वडील म्हणाले, "कोर्टात कशाला? मांडवात उभं राहिलं की बस." मला लग्नाचं आमंत्रण होतं. ठरल्याप्रमाणे मुलाचे मामा साडेअकराला रुसले, पावणेबाराला उठले आणि बासुंदीवर तुटून पडले. एवढं सुरळीत लग्न मी दुसरं पाहिलं नाही.

नवख्यांना करार समजावताना मी नेहमी ही गोष्ट सांगते. दोन माणसं आपखुशीने एकमेकांना शब्द देतात, म्हणजे दोघांपुरता एक छोटा कायदाच करतात. मोठा कायदा, म्हणजे सरकारचा, या छोट्या कायद्याच्या पाठीशी उभा असतो. तू शब्द मोडलास तर मी आहे, असं तो म्हणतो. सगळा व्यापार, सगळी भाड्याची घरं, सगळी लग्नाची कार्यालयं याच भरवशावर चालतात.

आता प्रश्न असा की मोठा कायदा करणाऱ्यालाच तुमचा छोटा कायदा खुपायला लागला तर? त्याच्या हातात तर लेखणी आहे. त्याने उद्या लिहिलं की तुमचा शब्द रद्द, तर दाद कोणाकडे मागायची? हा प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांत असतो, आणि मला तो भेटला एका आकाशपाळण्याच्या रूपात.

शैला जगताप माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आली ती हातात नारळाएवढा लोखंडी बोल्ट घेऊन. तो तिने माझ्या टेबलावर आपटला. पेनं उडाली.

"बेन, हा बघा. ह्याच्यावर लोकांचा जीव असतो. आणि माझा जीव आता तुमच्यावर."

शैलाच्या सासरचे पूर्वज बडोदे संस्थानाच्या घोडदळात होते. घोडी गेली, संस्थान गेलं, आणि जगतापांच्या घराण्याने उंचावर बसायची सवय मोडू नये म्हणून की काय, आकाशपाळणा घेतला. आमच्याकडे गुजराथीच्या नादाने त्याला सगळे चकडोळ म्हणतात, पण इथे मी आपला पाळणाच म्हणते. नवरा दिनकरराव मशीन सांभाळतो आणि वर्षाला साधारण दहा वाक्यं बोलतो. बाकीचं सगळं बोलणं शैला करते. बडोद्याच्या वेशीवर छाणीला त्यांची शेड आहे, तिथे पाळणा सुटा करून ठेवतात आणि मेळे लागले की ट्रकवर घालून गावोगाव नेतात.

झालं होतं असं. करजणच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की एक छोटी नगरपालिका लागते. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला चहा पाजतात. गावचं नदीकाठचं मैदान मोठं आणि श्रावणातला मेळा त्याहून मोठा. तिथे पाळणा उभारायची जागा नगरपालिकेने जाहीर लिलाव करून जगतापांना पाच मेळ्यांसाठी दिली होती. करार नोंदवलेला, सह्याशिक्के चोख. दोन मेळे झाले. मग शैलाने धाडस केलं. जुना पाळणा राजस्थानातल्या एकाला विकला आणि त्या मैदानाच्या मापाने नवा, दुप्पट उंचीचा पाळणा छाणीच्या शेडमध्ये बनवून घेतला. तो दुसऱ्या कुठल्याच मेळ्याच्या मैदानात मावत नव्हता. विजेच्या तारा, झाडं, देवळांचे कळस, काहीतरी आडवं यायचंच. म्हणजे तो उभा राहिला तर त्या एकाच मैदानात, नाहीतर छाणीत भंगार. शैलाच्या घरच्यांचं आणि पाळण्यावर काम करणाऱ्या सगळ्यांचं पोट त्या पाच मेळ्यांतल्या उरलेल्या तिनांवर होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी नगरपालिकेत नवे प्रमुख आले, महाराष्ट्रात ज्यांना नगराध्यक्ष म्हणतात ते. त्यांना भाचा होता. भाच्याला पाळणा लावायचा होता.

करार मोडला तर नुकसानभरपाई द्यावी लागेल, हे प्रमुखांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी करार मोडलाच नाही. त्यांनी पोटनियम केला! नगरपालिका म्हणजे लहानसं विधिमंडळच असतं. मूळ कायद्याने आखून दिलेल्या हद्दीत तिला गावापुरते नियम करता येतात. कोणीतरी त्यांना सल्ला दिला की साहेब, एकाच माणसाविरुद्ध नियम केला तर तो भेदभाव ठरतो, कोर्ट उडवून लावतं, तेव्हा नियम सगळ्यांना लागू करा. सल्ला अर्धवट होता, अंमल पुरेपूर झाला. एका बैठकीत हात वर करून मंजूर झालेलं ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा पुसून परत वाचलं: "या नियमापूर्वी नगरपालिकेने केलेले सर्व करार कधी झालेच नव्हते, असे समजण्यात येईल."

सर्व! मला खुर्चीत बसवेना.

कायद्याच्या भाषेत 'असे समजण्यात येईल' हे फार ताकदीचं वाक्य आहे. त्याने कायदा नसलेली गोष्ट आहे असं मानू शकतो. कंपनीला हातपाय नसतात, तरी तिला व्यक्ती समजतात. पण ही ताकद जपून वापरायची असते. ही मंडळी तर उखळ दिसलं म्हणून सगळं धान्य एकदम ओतून मोकळी झाली होती.

दोनच दिवसांत शैलाचा फोन. "बेन, गावात गाई सुटल्या ने!"

"कसल्या गाई?"

"मोकाट गाई पकडायचा ठेका होता ने एकाचा? तो म्हणतो, माझा करार झालाच नव्हता तर मी ह्यांना कशाला सांभाळू? त्याने कोंडवाड्याचा दरवाजा उघडला आणि घरी जाऊन झोपला. दोन गाई नगरपालिकेच्या जिन्यावर बसल्यात. एक तर हजेरीच्या टेबलापाशी गेली, बोला!"

मी फोन धरून हसत होते, तिकडे शैला ओरडत होती, आणि पलीकडून खरंच हंबरणं ऐकू येत होतं. पुढच्या चार दिवसांत गावाने त्या एका वाक्याचा अक्षरशः मेळा केला. नगरपालिकेच्या गाळ्यांतले दुकानदार म्हणाले, आमचा भाडेकरार झालाच नव्हता, मग भाडं कसलं? नगरपालिकेच्या सभागृहात ज्यांची लग्नं ठरली होती, त्या सगळ्या वधूपित्यांनी प्रमुखांच्या घरासमोर ठाण मांडलं. सभेत चहा पुरवणाऱ्याने किटली उलटी घातली. आणि सगळ्यांत गोड म्हणजे नगरपालिकेचे वकील भट्टसाहेब, फार सज्जन गृहस्थ, त्यांनी अत्यंत आदराने लेखी विचारलं की माझी नेमणूकही कराराने झाली होती, तेव्हा मी आपला वकील होतो की नव्हतो?

पहिली दुरुस्ती भट्टसाहेबांसाठी झाली. "वकिलांच्या नेमणुकीचा करार वगळून." मग गाई वगळल्या. मग गाळे वगळले, कारण निम्मे गाळे सभासदांच्याच पाहुण्यांचे होते. मग सभागृह, मग चहा. प्रत्येक बैठकीत एक नवं "वगळून" जोडलं जायचं आणि मंजुरीसाठी वर धाडलं जायचं. मी प्रत्येक दुरुस्तीची प्रत मिळवायचे आणि ऑफिसात एकटीच नाचायचे. खालून शेव-उसळवाला विचारायचा, "बेन, छत पडतंय का?"

दावा तयार होता. पण मी तो दाखल करत नव्हते. मला दिसत होतं की ही मंडळी एकेक करार वगळत वगळत शेवटी स्वतःहून अशा जागी येऊन उभी राहणार, की उभ्या गावात 'झालाच नव्हता' असा एकच करार उरेल. सगळ्यांना लागू म्हणून केलेला नियम एका माणसाच्या गळ्याच्या मापाचा होईल. मग मला वेगळं काही सिद्ध करावंच लागणार नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी माझी गत झाली होती.

शैलाला हे पटत नव्हतं. आषाढ सरत आला होता. ती आली, यावेळी हातात काही नव्हतं.

"बेन, तुम्हाला हसायला येतं. तिथे छाणीत माझा पाळणा शेडबाहेर पावसात पडलाय. हे रोज सकाळी जातात, एकेक सांधा पुसतात आणि परत येऊन गप्प बसतात. आधीच बोलत नव्हते, आता जेवतपण नाहीत. भाच्याचं सामान मैदानात आलंय. तुमचं अजून एक होऊ दे, अजून एक होऊ दे चाललंय. माझा मेळा गेला तर तुमच्या त्या पानांचं मी काय करू?"

डाव माझा होता, पण पणाला पाळणा तिचा लागला होता. त्याच संध्याकाळी शेवटची दुरुस्ती हाती आली. मोबाइल टॉवरचा करार वगळला होता. आता एकच उरला होता. दुसऱ्या दिवशी दावा दाखल केला, सोबत तातडीच्या मनाई हुकुमाचा अर्ज.

कोर्टात सगळं गुजराथीत चाललं, मी इथे मराठीत सांगते. न्यायाधीशसाहेब तरुण होते, कपाळावर कायम आठी, आणि ते हसतात की नाही यावर आमच्या बारमध्ये दोन तट होते. मी उभी राहिले. सुरुवातीलाच मान्य करून टाकलं की कायदा करायचा अधिकार मोठा आहे. उद्यापासून मेळ्यात पाळणेच नकोत, लोकांच्या जिवाला धोका आहे, असं नगरपालिकेने कारण देऊन सगळ्यांसाठी ठरवलं असतं, तर मी निराळं बोलले असते. सरकार कराराने कायमचं बांधलं जात नाही, लोकहितासाठी त्याला हात घालता येतो. पण काल घडलेलं आज पुसायचं, तेही एकाचंच, आणि तेही भाच्यासाठी? मोठ्या विधिमंडळालासुद्धा मागच्या तारखेने कायदा करताना राज्यघटनेचं कुंपण असतं. नगरपालिकेला तर मूळ कायद्याने जेवढी ताकद दिली तेवढीच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग मी फोटो पुढे केला. गेल्या मेळ्याच्या उद्घाटनाचा.

साहेबांनी तो भट्टसाहेबांकडे दिला. "नारळ कोण फोडतंय?"

"आजचे माननीय प्रमुख, साहेब. तेव्हा सभासद होते."

"मागे काय दिसतंय?"

"पाळणा आहे, साहेब."

"कोणाचा?"

भट्टसाहेबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "नियमाप्रमाणे पाहिलं तर कोणाचाच नाही, साहेब. त्या जागी पाळणा लावायचा करार झालाच नव्हता."

"मग प्रमुखांनी नारळ कशावर फोडला?"

कोर्टात खसखस पिकली. भट्टसाहेबही खाली बघून हसले. साहेबांच्या कपाळावरची आठी हलली नाही, पण मिशी हलली, हे मी शपथेवर सांगेन. मग एकदम त्यांचा आवाज बदलला.

"वकीलसाहेब, आता एकच दाखवा. मागे जाऊन झालेला करार पुसायचा अधिकार मूळ कायद्याने नगरपालिकेला कुठे दिलाय?"

भट्टसाहेबांनी जाड पुस्तक उघडलं. पानं उलटली. मला त्यांची दया आली. आयुष्यभर स्वच्छ वकिली केलेला माणूस. "स्पष्ट शब्दांत कुठेही नाही, साहेब."

"अस्पष्ट शब्दांत?"

"तसाही नाही."

एवढं खरं बोलणारा विरोधी वकील मिळणं हे भाग्य असतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि खाली बसले. हुकूम त्याच दुपारी झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत नगरपालिकेने जगतापांच्या करारात ढवळाढवळ करायची नाही, मैदानातली त्यांची जागा मोकळी करून द्यायची. कारणांत साहेबांनी लिहिलं होतं की नियम करणाराही नियमांच्या आतच असतो. इतकं साधं वाक्य. मी आजवर मोठमोठे निकाल वाचले, पण तेवढ्यावर बाहेर व्हरांड्यात माझे डोळे भरून आले. शैलाने मला मिठी मारली. दिनकरराव बाजूला उभे होते, ते म्हणाले, "ट्रक आणतो." त्या वर्षातल्या दहा वाक्यांतलं ते एक.

जाता जाता सांगते, दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. करार आपलं आयुष्य जगून संपला, दावा मात्र तारखा खात जिवंत आहे. कायद्याचं राज्य आपल्याकडे आहे, पण ते चालतं बैलगाडीने, आणि माझ्या ऑफिसातून वेळेवर न पोचलेले हुकूम घेऊन गेलेली माणसंही पुष्कळ आहेत. त्यांच्यावर लेख लिहायला कोणी सांगत नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

पण मेळा! मेळ्याच्या दिवशी मी आणि आमचे हे दोघंही गेलो. भाच्याचं सामान मैदानाच्या कोपऱ्यात सरकवलं होतं आणि त्याने तिथे नेम धरून फुगे फोडायचा स्टॉल लावला होता. मधोमध जगतापांचा पाळणा. मान वर करताना माझा अंबाडा सुटला, इतका उंच. रंग ओला वाटावा असा लाल, चाकाच्या आरीआरीवर दिवे.

पाळणेवाल्यांची एक रीत असते, ती मला तिथे कळली. उभारणी झाली की पहिली फेरी गिऱ्हाइकांची नाही. पहिल्या फेरीत घरचे बसतात, सगळे. ज्याने बोल्ट आवळला त्याची बायको, त्याची मुलं, म्हातारी आई. आपलं माणूस बसवायची हिंमत नसेल तर लोकांचं माणूस बसवायचं नाही. शैलाने माझ्या दंडाला धरलं. "चला बेन, तुम्ही घरच्याच."

मी म्हटलं, मी वकील आहे, मला बाजू मांडू दे. तिने मांडू दिली नाही. ह्यांनी माझी पर्स धरली आणि खालूनच टाटा केला, असा माझा जन्मभराचा करारी नवरा! पाळणा वर गेला. सगळं गाव, नदी, हायवेवरचे ट्रक, नगरपालिकेचा जिना आणि त्यावर अजूनही बसलेली एक गाय, हे सगळं माझ्या पायांखाली होतं. मी पहिल्यांदा किंचाळले ती भीतीने. नंतर मात्र निव्वळ आनंदाने. माझं वय झालंय हे मला खाली उतरल्यावर आठवलं.

मग लोकांसाठी खिडकी उघडली आणि रांग लागली. थोड्या वेळाने गर्दी दुभंगली. प्रमुख आले होते, पांढरी सफारी, मागे चार माणसं, आणि पुढे त्यांच्या पत्नी. बाई ठणठणीत आणि उत्साही. "मारे तो बेसवुं छे," मला तर बसायचंच, असं म्हणत त्यांनी नवऱ्याला ओढतच आणलं होतं. प्रमुख सरळ फाटकाशी गेले. शैला समोर उभी.

"हुं प्रमुख छुं," ते म्हणाले.

"खबर छे, साहेब," शैला अगदी मृदू आवाजात म्हणाली. "लाइन आ बाजु." आणि तिने रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं.

आजूबाजूचं गाव श्वास रोखून बघत होतं. प्रमुखांचा चेहरा लाल झाला. पण त्यांच्या पत्नी एव्हाना रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि पुढच्या बाईला नवीन बांगड्या दाखवत होत्या. नाइलाजाने तेही मागे जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. तिकीट काढलं, नंबर आला, दोघं बसले. फेऱ्या सुरू झाल्या.

पाळणा रिकामा करताना एकेक डबा खाली आणतात, तोवर बाकीचे जिथे असतील तिथे थांबतात. फेऱ्या संपल्या आणि पहिला डबा उतरवायला पाळणा थांबला, तेव्हा प्रमुख नेमके सगळ्यांत वर होते. दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला, सफारी वाऱ्याने फुगलेली. पत्नी शेजारी हसून हसून हात हलवत होत्या. खालून कोणीतरी ओरडलं, "रहेवा दो! उपर ज रहेवा दो!" झालं, सगळं मैदान ओरडायला लागलं. दुकानदार ओरडले, गाईंचा ठेकेदार ओरडला, वधूपिते ओरडले. आणि सांगायला हरकत नाही, कोर्टात मनमानीविरुद्ध घसा कोरडा करणारी मीसुद्धा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "शैला, राहू दे ग जरा वरच! अर्धा तास!"

शैलाचा हात कळीवर होता. तिने वर पाहिलं. तिला किती रात्री झोप लागली नव्हती, हे मला माहीत होतं. मशीनपाशी बसलेले दिनकरराव तिच्याकडे बघत होते. ती हसली, मला वाटलं आता ठेवते.

"बेन, जवा द्या ने," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "तिकीट काढलंय त्यांनी. वर नेलं की खाली पण आणायचं असतं, ते त्यातच आलं."

आणि तिने कळ दाबली. बाकीचे डबे जितका वेळ थांबले होते तितकाच वेळ थांबून प्रमुखांचा डबा खाली आला, एक क्षण कमी नाही, एक क्षण जास्त नाही. मैदानातला आरडाओरडा आपोआप विरला. प्रमुख उतरले. आपल्याला वर टांगून ठेवणार, हे खालचं ओरडणं ऐकून तेही धरूनच चालले होते. ते शैलासमोर क्षणभर थांबले. मग सफारी सारखी केली, चष्मा पुसला आणि तिकिटाच्या खिडकीकडे गेले. मागे धावलेल्या माणसांना त्यांनी हाताने थांबवलं. दोन तिकिटं काढली आणि आम्ही सगळे बघत असताना परत रांगेत जाऊन उभे राहिले, अगदी शेवटी.